ओंगचा थोरला मुलगा

वुंग ताउ, दक्षिण व्हिएतनाम
२१ फेब्रुवारी १९७१

ती. आक्काला गोरक्षचा साष्टांग नमस्कार.

चार महिन्यांत एकच पत्र धाडलं म्हणून तू मला फैलावर घेतलंस. मी तीन धाडली होती. पण पाच वर्षांची होईपर्यंत माणसाच्या हाताला तीनच बोटं असतात म्हणून आईशी भांडणारी बाई आज मिरजगावच्या शाळेत गणित शिकवते, तिच्याशी मोजणीवरून वाद घालणार कोण?

साहेबांची नेमणूक सायगावहून इकडे समुद्रकाठी झाली आणि त्यांचा ड्रायव्हर म्हणून मीही आलो. युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आपल्या कमिशनचं काम म्हणजे कोण कुणावर गोळी झाडतं ते लिहून घेणं. लिहिणारे लिहितात, झाडणारे झाडतात, मी जीप चालवतो. गावाचं नाव वुंग ताउ. फ्रेंचांनी हवा खायला बांधलेले बंगले आहेत. आता तिथे अमेरिकन सोल्जर चार दिवसांच्या रजेवर येतात, छत्र्यांखाली उघडे पडून राहतात आणि परत लढायला जातात. डोंगराला वळसा घातला की मागचा किनारा, तिथे कोळी राहतात. समोर पाण्यात एक खडक आहे, त्यावर देवीचं छोटं देऊळ. ओहोटी लागली की पाय भिजवत तिथवर जाता येतं, आणि भरतीत जो अडकला त्याला देवीनं ठेवून घेतलं असं म्हणतात. मी अजून गेलो नाही. आपल्याकडे पाण्याच्या मिनत्या कराव्या लागतात, इथे ते दिवसातून दोनदा आपणहून अंगावर येतं, त्याची मला सवय नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या सोमवारी सकाळी साहेब किनाऱ्यावर फिरायला गेले होते आणि मी गाडीपाशी उभा होतो. वाळूत काहीतरी काळं पडलेलं दिसलं. वाटलं, उलटी होडी. जवळ गेलो तर देवमासा, मेलेला. एसटीच्या निम्म्या लांबीचा असेल. डोळा उघडा होता, आपल्या म्हशीचा असतो तसा शांत. वल्ह्यासारख्या डाव्या पराच्या कडेचा तुकडा नव्हता, जुनी जखम भरून आलेली. का कोण जाणे, मी त्यावर हात ठेवला. मागे वळून पाहिलं तर सगळी कोळीवस्ती उभी, आणि कुणी माशाकडे पाहत नव्हतं, सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यांच्यातला एक म्हातारा पुढे आला. तो तिथल्या देवळाचा पुजारी. त्यानं माझ्या डोक्याला पांढरी पट्टी बांधली आणि खांद्याला धरून मला गुडघ्यांवर बसवलं.

अर्थ दुपारी कळला. इथे पाँडेचरीकडचा एक कापडवाला आहे, त्याला हिंदी येतं. तो म्हणाला, देवमाशाला हे लोक ओंग म्हणतात, म्हणजे आजोबा म्हण, मालक म्हण. बुडत्या माणसाला तो पाठीवर घेऊन काठाला लावतो. तो मेला तर वडीलधाऱ्याला देतात तशी माती द्यायची. आणि त्याला जो पहिल्यांदा पाहील तो त्याचा थोरला मुलगा. हाडं वर काढून देवळात ठेवीपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, दुखवटा त्यानं पाळायचा.

साहेब हसले, म्हणाले, करून टाक, इथल्या लोकांशी चांगलं राहावं. पण आक्का, मी चेष्टेत केलं नाही. दोरखंड लावून माणसं ओढत होती, बायका खरोखरच रडत होत्या. पुजाऱ्यानं खुणेनं विचारलं, तुमच्याकडे थोरला मुलगा काय करतो? मला एकच माहीत होतं. न्हाव्याकडे जाऊन डोकं गुळगुळीत केलं आणि मिशाही उतरवल्या. आरशात पाहिल्यावर ध्यानात आलं की बाप जिता असताना आपण हे करत नाही.

फोटो सोबत आहे. हस आणि ठेवून दे. आप्पांना दाखवू नकोस.

तुझा
गोरक्ष


मिरजगाव
१४ मार्च १९७१

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद.

फोटो पाठवतोस, दाखवू नकोस म्हणून आत लिहितोस, आणि पाकीट टाकतोस घराच्या पत्त्यावर. फौजेत हेच शिकवतात का? मी शाळेत होते. पोस्टमन सहादेवनं पाकीट आप्पांच्या हातात दिलं. आप्पांना वाचता येत नसलं तरी फोटो पाहता येतो.

मी आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. फोटो गुडघ्यावर. मला म्हणाले, "राहे, पोरानं कुनाचं केलं? मी तर हितं हाय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. मग मी विचार केला, सगळं वाचूनच दाखवावं, म्हणजे माशाचं ऐकून हसतील तरी. आई चुलीपाशी ऐकत होती. डाव्या पराचं वाचलं तिथे आप्पांनी हात वर केला आणि ते परत वाचायला लावलं. मी वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. आई आत गेली आणि बाहेर आली ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. एरवी तिची टिकली दिसतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराचं तंत्र बिघडलं आहे. आप्पा घोंगडी टाकून जमिनीवर झोपतात. डोक्याला तेल नाही. जेवण अळणी. मी मुद्दाम मिठाचा खडाही न घालता पिठलं करते, तरी दोन घास खाऊन ताट सारतात आणि खारट लागतंय म्हणतात. रोज सकाळी भाताचा गोळा करून विहिरीच्या काठावर ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहत बसतात. कुणाचं सुतक पाळता, असं विचारलं तर घोंगडी झटकायला लागतात. गोरक्ष, मला वाटतं ते स्वतःचंच सुतक पाळताहेत.

शेजारच्या छबूबाईनं गिरणीत सगळ्यांसमोर म्हटलं की मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातून निघाले आणि यांचं नावही मच्छिंद्र, म्हणजे पोरानं माशाचं केलं ते यांचंच झालं. मी तिला गप्प केलं. पण घरी आल्यावर मीच तो फोटो पुन्हा काढून पाहिला. ती पट्टी काढून टाक आणि आप्पांना तुझ्या हातानं लिही की मासा तो मासा होता.

तुझी
आक्का


वुंग ताउ
९ एप्रिल १९७१

ती. आक्काला साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून जेवण जात नाही. पाकिटावर शाळेचा पत्ता घालायला हवा होता, एवढं साधं मला सुचलं नाही.

पट्टी परत करायला मी पुजाऱ्याकडे गेलो. कापडवाला मध्ये बोलायला होता. पुजाऱ्यानं माझ्या वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्या नावामागची नाथांची गोष्टही सांगितली. म्हाताऱ्यानं नवी उदबत्ती लावली. मग म्हणाला, पट्टी मध्येच काढता येत नाही. अर्ध्यावर सोडलेला बाप अर्धाच जातो आणि अर्धाच मागे राहतो.

त्यानं एक गोष्टही सांगितली. पलीकडच्या खाडीत असाच एकाला ओंग सापडला. लग्न ठरल्यावर त्यानं कंटाळून पट्टी पाण्यात टाकली. मग रोज सकाळी त्याच्या घरातली जमीन ओली व्हायला लागली. नवरी वैतागली, घर बदललं, तिथेही तेच. शेवटी एका ओहोटीला त्याचा स्वतःचा बाप उठला, देवीच्या खडकाकडे चालत गेला आणि तिथेच बसून राहिला. हाका मारल्या तरी भरती येईपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही. गोष्टच आहे. पण मी पट्टी टोपीच्या आत ठेवली आहे, साहेबांनी परवानगी दिली.

आप्पांसाठी वेगळी चिठ्ठी घातली आहे. मासा तो मासा, तुमचं काही केलं नाही, तुम्ही शंभर वर्षं जगा, असं लिहिलंय. नीट वाचून दाखव.

गोरक्ष


मिरजगाव
२ ऑगस्ट १९७१

चि. गोरक्षला आशीर्वाद.

चिठ्ठी वाचली. आप्पांनी ऐकली. "माशाचं व्हय," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

खोटं लिहून काय करू? तुला काळजी वाटेल म्हणून मागच्या दोन पत्रांत मी सगळं बरं आहे असं लिहिलं, ते बरं नाही. भाताचा गोळा अजून कावळ्यानं शिवलेला नाही. एक दिवसही नाही. आमच्या शाळेचे कावळे पोरांच्या हातातली भाकरी पळवतात, म्हणजे इथल्या कावळ्यांना लाज नाही हे तुला माहीत आहेच. तेच कावळे विहिरीवरच्या लिंबावर येऊन बसतात, खाली उतरतात, गोळ्याभोवती चालतात आणि मागे सरकतात. ओरडतसुद्धा नाहीत. कलत्या उन्हात आप्पा तो गोळा गाईपुढे धरतात, गाय मान फिरवते. मग ते तो विहिरीत सोडतात.

मी एकदा जवळ जाऊन पाहिलं. साधा भात. चव घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

आई रोज उठून आधी कुंकू लावते, मग चूल पेटवते. ती आणि आप्पा एकमेकांशी फार कमी बोलतात, पण भांडण नाही. दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही असं मला कधीकधी वाटतं, आणि मग वाटतं की माझंच डोकं फिरलंय. दिवाळीच्या आधी तुझं वर्ष भरतं. मिशा वाढव आणि ये. धडधाकट पोरगा समोर दिसला की त्यांना पटेल की अजून कुणी गेलेलं नाही.

आक्का


सायगाव
२० जानेवारी १९७२

ती. आक्कास नमस्कार.

लढाईत टपाल बंद होतं. आपल्या नगरचे रणगाडे पाकिस्तानच्या सरहद्दीवर गेल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. तुमच्याकडेही खिडक्यांना काळे कागद लावले होते का?

दिवाळीला आलो नाही, त्याचं कारण मी आणखी एक वर्ष मागून घेतलं आहे. पगार बरा आहे आणि साहेब सोडायला तयार नाहीत. बाकी काही विचारू नकोस. दर आठवड्याला वुंग ताउची फेरी असते. मिशा नाहीत.

एक सांग. सकाळी उठल्यावर घरात कुठे ओल दिसते का? आप्पांच्या घोंगडीखाली पाहा.

गोरक्ष


मिरजगाव
१८ मे १९७२

गोरक्ष,

ओल म्हणतोस? सीनेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. टँकर दोन दिवसांनी येतो. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी मिळते, तिची भाकरी थापली की तुटते. अर्धं गाव खडी फोडायला जातं, माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा. आणि माझा भाऊ विचारतो घरात ओल आहे का.

वर्ष का मागून घेतलंस ते मला कळलंय. पगारासाठी कुणी दुसऱ्याच्या लढाईत राहत नाही. नाथांच्या गोष्टीत मच्छिंद्र स्त्रीराज्यात गुंततो आणि गोरक्ष त्याला सोडवून आणतो. आमच्याकडे गोरक्षच गुंतला, आता मच्छिंद्रानं यायचं का? तिचं नाव तरी कळव. आई दोन दिवस रडेल, मग साडी घेईल. पण आप्पांना असं टांगून ठेवू नकोस.

ते निम्मे झालेत. घरात दोन पायल्या तांदूळ आहे, तो गाडग्यात घालून त्यांनी बाजूला ठेवलाय. कुणाला शिवू देत नाहीत. त्यातला मूठभर रोज शिजतो आणि विहिरीवर जातो. गावात पाखरं झाडावरून गळून पडताहेत. परवा दुपारी एक कावळा चोच उघडी टाकून गोळ्याशेजारी येऊन बसला. भात त्याच्या चोचीपासून वितीवर होता. मी लिंबाखाली उभी राहून पाहत होते. मनात म्हणत होते, खा रे बाबा, खा. त्यानं भाताकडे पाठ केली, आणि तसाच बसल्या जागी कलंडला. मेला. मी आजवर घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले.

आप्पा म्हणाले, "त्याला काय पायजे ते मला ठावं हाय. माज्याच्यानं व्हत न्हाई."

त्याला म्हणजे कुणाला, हे काही केल्या सांगत नाहीत. मला तर यमाशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येत नाही.

आक्का


वुंग ताउ
११ जून १९७२

आक्का,

बाई वगैरे काही नाही. असती तर बरं झालं असतं.

तुला लिहिणार नव्हतो. मागच्या वर्षी पावसाळ्यापासून रोज सकाळी जिपेच्या डाव्या दारावर मिठाचा पंजा उमटलेला असतो. ओला हात टेकवून कुणी उभं राहावं आणि पाणी सुकून मीठ राहावं, तसा. अर्धवट, सगळा उमटत नाही. मी पुसतो, दुसऱ्या दिवशी परत. कोळ्यांची पोरं चेष्टा करतात असं वाटलं म्हणून गाडी सायगावला कुलपात ठेवली. तिथेही होता. सायगावहून समुद्र दोन तासांवर आहे, आक्का.

म्हणून मी थांबलो. मी मिशा उतरवून जित्या बापाचं केलं आणि त्यामुळे आप्पा अर्धे इकडे, अर्धे तिकडे झाले, असं मला पक्कं वाटतं. अर्ध्यावर सोडून निघालो तर हे माझ्यामागे घरी येईल. पुरं केलं तर काय होईल तेही माहीत नाही. आप्पा सुटतील की जातील? मी पुजाऱ्याला हेच विचारलं. तो म्हणाला, मुलानं आपलं काम करावं, कोण जातं ते पाहू नये.

आमचं कमिशन इथून हलणार अशी बोलवा आहे. मी जाण्याआधी हाडं काढता येतील का ते तो ओंगलाच विचारणार आहे. तोवर आप्पांना सांभाळ. मला फार भीती वाटते.

गोरक्ष


वुंग ताउ
९ ऑक्टोबर १९७२

ती. आक्काला नमस्कार.

परवा शनिवारी, अमावास्येला, हाडं वर काढली. पुजाऱ्यानं देवापुढे दोन नाणी उडवली, एक छाप आणि एक काटा पडला, म्हणजे ओंगची परवानगी. तीन वर्षं झाली नव्हती तरी वाळूत सगळं स्वच्छ झालेलं. थोरल्या मुलानं पहिलं हाड उचलायचं असतं, ते मी उचललं. मग तांदळाच्या दारूनं एकेक धुतलं.

आता लिहितो ते बसून वाच. माशाच्या पराच्या आत माणसाचा हात असतो हे मला माहीत नव्हतं. खरंच असतो, मनगट, तळवा, बोटं, सगळं. पुजाऱ्यानं लाल कापडावर दोन्ही हात जुळवून मांडले. उजव्याला पाच बोटं. डाव्याला तीन. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं, आणि हाड जिवंतपणीच भरून आलेलं. मला दारावरचा पंजा आठवला. त्यालाही तेवढीच उमटायची, मी अर्धवट म्हणत होतो.

आप्पांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. मग हा कोण होता, आक्का? मी कुणाचं केलं?

काल सकाळी जिपेचं दार कोरडं होतं. आजही. पत्र मिळताच आप्पांची तब्येत तारेनं कळव.

गोरक्ष


मिरजगाव
८ ऑक्टोबर १९७२

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद.

आप्पा बरे आहेत. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

काल सर्वपित्री अमावास्या होती. गाडग्यातला तांदूळ संपत आला होता, शेवटची मूठ होती. आप्पांना चालवत नाही म्हणून मी आणि आईनं त्यांना धरून विहिरीवर नेलं. गोळा ठेवला. कावळे आले, बसले, नेहमीसारखे. ऊन डोक्यावर आलं. मी म्हटलं, आप्पा, चला आता. ते उठेनात. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगा आता. मी हाय."

मग आप्पा त्या कोरड्या विहिरीकडे तोंड करून मोठ्यानं बोलले. "बन्सीदादा, पोरांना सांगतो. तुजी हायती. आता शिव."

शब्द संपायच्या आत कावळा उतरला. एक नाही, सगळे. भाताचा कण राहिला नाही.

गोरक्ष, आप्पांना एक थोरला भाऊ होता. बन्सी. आपण तेव्हा श्रीगोंद्याकडे राहत होतो. जपानशी लढाई लागली त्या साली तो फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला. तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि तू आईच्या पोटात होतास. सिंगापूर पडलं आणि तो कैद झाला. परत आलेल्या एकानं सांगितलं की कैद्यांनी भरलेली बोट बुडाली. कुठल्या समुद्रात ते त्यालाही सांगता आलं नाही. आजीनं मानलं नाही. माझा बन्सी जिता आहे म्हणाली, आणि दिवस घालू दिले नाहीत. आईला ना कुंकू पुसता येईना ना लावता येईना. शेवटी भावकीतल्या चौघांनी बसून धाकट्या दिराशी तिचा पाट लावून दिला. आजीनं अट घातली की बन्सीचे दिवस कधी घालायचे नाहीत आणि पोरांपुढे त्याचं नाव काढायचं नाही. आप्पांनी तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. मग गाव सोडून सगळे इकडे मिरजगावला आले, जिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

तुझा फोटो पाहिला आणि डाव्या पराचं ऐकलं, तेव्हाच आप्पांनी ओळखलं. ते स्वतःचं सुतक पाळत नव्हते. भावाचं पाळत होते. कावळ्याला काय हवंय तेही त्यांना कळत होतं. पण सांगितलं की आपण दोघं त्यांची राहणार नाही, ही त्यांना भीती. म्हणून दीड वर्ष उपाशी बसले.

पराचं ऐकून का ओळखलं, ते मी आईला विचारलं. आई म्हणाली, बन्सी लहानपणी गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायचा. डावा हात अडकला. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. पुढे मी झाल्यावर मला मांडीवर घेऊन तो त्याच हातानं घास भरवायचा आणि त्याच हातावर आकडे मोजायला शिकवायचा. एक, दोन, तीन, आणि पुढे काही नाही.

आयुष्यभर तुम्ही सगळे मला हसलात. माणसाच्या हाताला तीन बोटं असतात म्हणून मी भांडायचे, आई तोंडाला पदर लावायची, आणि मला वाटायचं तीसुद्धा हसते आहे. मी खोटं बोलत नव्हते रे. मी पाहिलेला पहिला हात तसाच होता.

काल संध्याकाळी आप्पांनी भाकरीबरोबर मीठ मागून घेतलं. आईचं कुंकू पुन्हा पहिल्याएवढं झालंय. मी आजवर त्यांना आप्पाच म्हणत होते, पुढेही म्हणेन. पण तुझ्याबद्दल ते मला काही विचारत नव्हते. आता मी लिहायला बसले तेव्हा उंबऱ्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्याला इचार, घरी येनार का. म्हनावं, बळजबरी न्हाई."

काय सांगू त्यांना, तूच सांग.

तुझी
आक्का


सायगाव
३० ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप आप्पांच्या चरणी गोरक्षचा शिरसाष्टांग नमस्कार.

आक्का वाचून दाखवील. तिला म्हणावं, रडत वाचू नकोस, नाहीतर अर्धं कळत नाही.

त्यांचं मी नीट केलं, आप्पा. काही राहिलं नाही. पांढरी पट्टी पुजाऱ्यानं स्वतःच्या हातानं सोडली आणि हाडांबरोबर देवळात ठेवली. तुमच्या वतीनं उदबत्ती लावली. धाकटा भाऊ मिरजगावला आहे असं पुजाऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यानं तुम्हाला नमस्कार कळवला आहे.

आम्ही पुढच्या आठवड्यात निघतो. कलकत्त्याहून रेल्वेनं नगर आणि नगरहून सोलापूरच्या एसटीनं घरी. स्टँडवर तुम्हीच या, आक्काला पाठवू नका.

थोडे दिवस मागेपुढे होतील, त्याचं कारण एवढंच की मिशा वाढवायला घेतल्या आहेत. बाप जिता असलेल्या माणसानं तसं बिनमिशांचं घरी येऊ नये.

तुमचा थोरला मुलगा
गोरक्ष मच्छिंद्र